मॉडेल ट्राम आणि इंजिन : आधी चाल, मग रंग

विकत आणलेली मॉडेल गाडी तशीच रुळांवर ठेवून समाधान मानणारे थोडेच. कुणाला तिच्यात दिवे हवे असतात, कुणाला घंटेचा आवाज, कुणाला आवडत्या मार्गाचा रंग आणि क्रमांक. हे सगळं घरच्या टेबलावर करता येतं, पण क्रम चुकला की तेच काम तीन-तीनदा करावं लागतं. आधी चाकं आणि गिअर, मग रुळांवरून वीज घेण्याची सोय, मग वजन, मग डीकोडर (गाडीतला, हुकूम ओळखून मोटर आणि दिवे चालवणारा छोटा सर्किट) आणि दिवे. बाहेरच्या रंगाची बाटली त्यानंतरच उघडायची. आधी रंगवून ठेवलेली बॉडी पुढच्या प्रत्येक कामासाठी उघडावी लागते आणि दर उघडझापेला कुठेतरी ओरखडा उठतो.

खालची मापं एचओ स्केलची आहेत, म्हणजे १:८७, दोन रुळांत १६.५ मिमी अंतर. एन स्केलला (१:१६०, ९ मिमी) तत्त्वं हीच, फक्त आत बोट घालायला जागा नाही. ब्रिटिश ओओची बॉडी १:७६ ची असली तरी रूळ १६.५ मिमीचेच असतात, त्यामुळे एकाची चॅसी दुसऱ्याच्या बॉडीखाली बसवणं हा जुना आणि चांगला मार्ग आहे.

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक टोकाची, तापमान बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न, ०.५ ते ०.८ मिमीची रोझिन फ्लक्सची सोल्डर तार, मल्टिमीटर, डिजिटल कॅलिपर, बारीक चिमटे, स्क्रू-ड्रायव्हरचा छोटा संच आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणाऱ्या) नळ्या एवढं पुरतं. नळाच्या कामासाठी मिळणारा अ‍ॅसिड फ्लक्स मात्र घरात असला तरी इकडे आणू नका. तो राहतो तिथे तांबं खात बसतो आणि काही महिन्यांनी जोड आतून तुटतो.

चाकं आणि गिअर

बॉडी उतरवण्याआधी गाडी साध्या १२ व्होल्ट डीसीवर अर्ध्या वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवा. नवी असेल तर गिअर बसतात, जुनी असेल तर रोग ऐकू येतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच टक् असा आवाज येत असेल तर आसेवरचं प्लास्टिकचं गिअर चिरलेलं असण्याची शक्यता मोठी. चीर पडली की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि तो भाग वर्मवर (मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरवर) अडखळतो. सुपर ग्लूने चीर बंद होत नाही, झाली तरी दातांचं अंतर मूळचं होत नाही. गिअरच बदला.

आवाज नाही, पण गाडी जड चालते? मग गिअरबॉक्स उघडा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. ते काडीने खरवडून काढा, उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि प्लास्टिकला चालणारं हलकं तेल सुईच्या टोकाने लावा. मोटरच्या दोन्ही बेअरिंगना एकेक थेंब, वर्मला किंचित ग्रीस, बस. जास्तीचं तेल कम्युटेटरवर (मोटरमधले कार्बनचे ब्रश ज्यावर घासतात त्या भागावर) जातं, तिथे कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा लगदा होतो आणि मोटर विनाकारण जास्त करंट ओढायला लागते. टोकदार आसांची, प्लास्टिकच्या बोगीतली (डब्याखालच्या फिरत्या चौकटीतली) चाकं कोरडीच चालतात. फारच वाटलं तर ग्रॅफाइटची पूड, तेल नको.

मग चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर कॅलिपरने मोजा. एचओमध्ये ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर चाक सांध्यातल्या (एका मार्गाचे दोन होतात तिथल्या) चेक रेलवर, म्हणजे चाकाला आतून आवरणाऱ्या जादा रुळावर चढतं, जास्त असेल तर फ्रॉगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याच्या टोकावर आपटतं. गाडी ठरावीक सांध्यावरच उतरते म्हणून लोक सांधा उकरत बसतात. आधी हे अंतर बघा. दुरुस्तीला चाक हलकेच पिळत ओढायचं किंवा दाबायचं, आणि दोन्ही बाजूंना सारखं. एकाच बाजूने ओढलं तर जोडी बोगीच्या मध्यावरून सरकते.

वीज कुठून येणार

ट्रामची खरी अडचण इथे आहे. लांब इंजिनाला आठ-बारा चाकं असतात. दोन आसांच्या ट्रामला फक्त चार, म्हणजे एका बाजूला दोनच. त्यात एका चाकावर रबरी टायर असेल तर त्या बाजूला वीज घेणारं एकच चाक उरतं, आणि धुळीच्या एका कणावर दिवे मिणमिणतात. खऱ्या दोन-आसी ट्रामचा व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) साधारण सव्वादोन ते अडीच मीटर, म्हणजे मॉडेलवर २६ ते २९ मिमी. प्लास्टिक फ्रॉगच्या सांध्यावर चाकांची एक जोडी फ्रॉगवर आणि दुसरी धुळीवर असली की गाडी जागच्या जागी उभी.

उपाय तीन, आणि ते याच क्रमाने करावेत.

पहिला, रबरी टायर शक्यतो काढून टाका. टायरवालं चाक खाचेचं असतं, म्हणून नुसतं रबर काढून भागत नाही. बिनखाचेची चाकजोडी मिळाली तर ती लावा. पकड कमी होईल, ती वजनाने भरून काढता येते.

दुसरा, वीज न घेणाऱ्या चाकांना वाइपर, म्हणजे चाकाला टेकून वीज घेणाऱ्या स्प्रिंगच्या तारा लावा. तांब्याच्या थराच्या सर्किट बोर्डाची ३-४ मिमी रुंद पट्टी चॅसीच्या तळाला बसेल एवढी कापा. मधोमध तांब्याचा थर कानशीने पूर्ण तोडा, नाहीतर दोन्ही रुळांचा थेट शॉर्ट. तोडलेल्या जागी मल्टिमीटर लावून खात्री करूनच पुढे जा. पट्टीच्या दोन्ही टोकांना ०.२ ते ०.२५ मिमी जाडीची फॉस्फर ब्राँझची तार सोल्डर करा. तारेला मुळाशी एक छोटा वळसा द्या, म्हणजे स्प्रिंग मऊ राहते, आणि टोक चाकाच्या मागच्या पाठीला, कडेच्या जवळ टेकू द्या. चाकाच्या धावेवर टेकवलेली तार घाण गोळा करते. तारेचं टोक चाकाकडे टोकदार राहू देऊ नका, ते आतल्या बाजूला वळवा. गाडी मागे घेताना टोक स्पोकमध्ये अडकलं तर तार चाकाभोवती गुंडाळली जाते. दाब किती हवा, तर तार चाकावरून सुटू नये इतकाच. वाइपर लावण्याआधी आणि लावल्यानंतर त्याच वेगाला मोटर किती करंट घेते ते मोजा. आकडा ठळक वाढला असेल तर तारा थोड्या सैल करा. पट्टीवरून बोगीतून वर जाणारी वायर मऊ आणि बारीक, ३२ गेजची, आणि वळणावर बोगी फिरेल एवढी ढिली ठेवा. ताठ वायर बोगी उचलते, आणि मग गाडी वळणावर का उतरते हे शोधत बसावं लागतं.

तिसरा उपाय कपॅसिटरचा, ज्याला छंदातले लोक स्टे-अलाइव्ह किंवा कीप-अलाइव्ह म्हणतात. तो डीकोडरच्या भागात येईल. पहिल्या दोन गोष्टी न करता नुसता कपॅसिटर लावला तर रोग झाकला जातो, जात नाही.

वजन

ट्रामची बॉडी हलकी आणि पोकळ. ओझं जितकं खाली आणि जितकं चालत्या चाकांवर, तितकं चांगलं. खिडक्यांच्या वर शिसं चिकटवलं तर गाडी वळणावर कलते. शिशाची पत्रा-पट्टी आसनांच्या खाली किंवा जमिनीच्या दोन थरांमध्ये लपवता येते. टंगस्टन महाग पण शिशापेक्षा बरंच जड, म्हणून अगदी चिंचोळ्या जागेला तेच बरं. शिशाचे छर्रे पांढऱ्या डिंकात ओतण्याचा मोह टाळा. डिंकातल्या आम्लाने शिसं गंजून फुगतं आणि काही वर्षांनी बॉडीच्या भिंती आतून फाकवतं. इपॉक्सी किंवा सुपर ग्लू वापरा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुवा.

मागे ओढायच्या डब्यांना एनएमआरएची (अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची) शिफारस सोपी आहे. एचओमध्ये एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे सहा इंची डब्याला चार औंस, साधारण ११३ ग्रॅम. सगळे डबे याच प्रमाणात भरले की लांब गाडीतला मधलाच डबा वळणावर आत ओढला जाऊन उतरण्याचा प्रकार थांबतो. बोगी कसताना एक स्क्रू असा आवळा की ती फिरेल, पण डावी-उजवी डुलणार नाही. दुसरी थोडी सैल ठेवा म्हणजे ती डुलू शकेल. डबा मग तीन बिंदूंवर बसतो आणि उंचसखल रूळ सहन करतो.

कप्लिंगचं काम चटकन होतं. नकल पद्धतीचं (दुमडलेल्या बोटांसारखं एकमेकांत अडकणारं) कप्लिंग लावत असाल तर एचओमध्ये त्याचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे ९.९ मिमी वर हवा. उंची गेजनेच तपासा, नजरेने नको. कमी भरलं तर बोगी आणि बॉडीच्या मध्ये पातळ वायसर घाला. खाली लोंबणारी चुंबकाची पिन रुळांना घासू नये.

डीकोडर बसवणं

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) म्हणजे रुळांवर कायम वीज आणि प्रत्येक गाडीला स्वतःचा पत्ता. गाडीतला डीकोडर आपल्या पत्त्यावर आलेला हुकूम ओळखून मोटर आणि दिवे चालवतो. निवडण्याआधी मोटर अडवून ठेवल्यावर किती करंट ओढते ते मोजा. १२ व्होल्ट द्या, अ‍ॅमीटर मालिकेत जोडा, मोटरचं फ्लायव्हील क्षणभर बोटाने थांबवा आणि आकडा वाचा. एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, वाइंडिंग तापतं. डीकोडरची क्षमता या आकड्यापेक्षा जास्त हवी. एचओला साधारणपणे १ अँपचा चालतो, पण जुन्या उघड्या मोटरी त्यापलीकडे जातात. त्यांना मोटरच बदलणं शहाणपणाचं.

गाडीत सॉकेट असेल तर काम पाच मिनिटांचं. ८ पिनांचा प्लग उलटा बसला तर गाडी उलट दिशेने जाते आणि दिवे लागत नाहीत. बहुधा काही जळत नाही, प्लग फिरवून लावला की झालं. सॉकेट नसेल तर खरं काम सुरू होतं, आणि त्यात एकच गोष्ट डीकोडर जाळते: मोटर रुळांपासून पूर्ण तोडलेली नसणं. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश सरळ धातूच्या चॅसीला टेकलेला असतो आणि चॅसी एका रुळाला. डीकोडर लावून अशी गाडी रुळांवर ठेवली की पहिल्याच क्षणी जळका वास.

म्हणून मोटर चॅसीतून बाहेर काढा. ब्रशची चॅसीला टेकणारी पितळी पाती किंवा टाचणी कापा, मोटरच्या खाली कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी टेप) लावा, आणि बसवण्याचे स्क्रू धातूचे असतील तर नायलॉनचे घाला. मोटर परत बसवून मल्टिमीटर रोधावर ठेवा आणि चार मोजमापं घ्या: मोटरचं एक टोक आणि डावा रूळ, तेच टोक आणि उजवा रूळ, मग दुसऱ्या टोकाचं तसंच. चारही वेळा मीटरने अनंत दाखवायला हवं. मोटर बोटाने फिरवत आणि बोगी दोन्ही टोकांपर्यंत वळवत पुन्हा मोजा, कारण काही शॉर्ट फक्त वळणावर उगवतात. एकदाही आकडा हलला तर थांबा आणि तो शोधा. मोटरच्या टोकांना जुना छोटा कपॅसिटर लावलेला असेल तर तोही काढा. डीकोडर मोटरचा वेग तिच्या उलट्या व्होल्टेजवरून ओळखतो आणि हा कपॅसिटर त्या मोजणीत लुडबुड करतो, मग गाडी हळू चालताना धक्के देते.

वायरींचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाकडे, काळी डाव्या रुळाकडे. केशरी आणि राखाडी मोटरला. निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन वायर, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. हिरवी आणि जांभळी जादा कामांना, उदाहरणार्थ ट्रामच्या आतल्या दिव्यांना. निळी वायर चुकून चॅसीला किंवा रुळाला टेकली तर डीकोडर गेलाच म्हणून समजा. न वापरलेल्या वायरींची टोकं उघडी ठेवू नका, प्रत्येकीवर वेगळी हीट श्रिंक चढवा. डीकोडर टेपमध्ये गुंडाळू नका, त्याला उष्णता बाहेर टाकायला हवा लागते. दुहेरी टेपचा एक तुकडा खाली लावून बसवला की पुरे. ट्रामच्या खिडक्या मोठ्या आणि सगळं दिसतं, म्हणून जागा छताच्या आत, नाहीतर ड्रायव्हरच्या फळीमागे.

कीप-अलाइव्हसाठी २.७ व्होल्ट, १ फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर मालिकेत लावले तर १६.२ व्होल्ट सहन करणारा संच मिळतो. पाचांचा संच १३.५ व्होल्टचा, तो एचओच्या रुळांवर काठावर येतो, म्हणून सहाच घ्या. संचाची धन बाजू निळ्या वायरकडे, ऋण बाजू डीकोडरच्या ग्राउंडकडे. धन वायरीत १०० ओहमचा रोधक घाला, अर्धा ते एक वॅटचा. त्याला समांतर १एन४००७ डायोड जोडा, पट्टी निळ्या वायरच्या बाजूला. रोधकातून संच सावकाश भरतो, डायोडमधून झटक्यात रिकामा होतो. रोधक नसेल तर गाडी रुळांवर ठेवताना ओढलेल्या करंटला कमांड स्टेशन (रुळांवर वीज आणि हुकूम सोडणारं यंत्र) शॉर्ट समजून बंद पडतं. उलट्या ध्रुवतेने जोडलेला सुपरकपॅसिटर फुगतो, एवढं लक्षात ठेवा.

दिवे आणि आवाज

एलईडीला रोधक लागतोच. रुळांवर १४ व्होल्ट आणि पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट धरले, तर १००० ओहमला ११ मिलिअँप वाहतो. आजच्या एलईडींना एवढी वीज दिली तर ट्रामचा हेडलाइट मोटारगाडीच्या झोतासारखा डोळ्यांवर येतो. ४७०० ओहम लावा, सव्वादोन-अडीच मिलिअँपला पुरेसा उजेड पडतो. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रोधक द्या. एका रोधकावर दोन समांतर लावले तर एक तेजाळतो आणि दुसरा मंद राहतो. जुन्या काळच्या गाडीला उबदार पिवळसर रंगाचेच एलईडी शोभतात, निळसर पांढरे नव्हे.

डब्यातल्या उजेडासाठी १२ व्होल्टची पट्टी सोपी. ती तीन-तीन एलईडींच्या तुकड्यांत कापता येते. तिला वेगळा ब्रिज रेक्टिफायर (रुळांवरची वीज एकाच दिशेची करणारा भाग) आणि २५ व्होल्टचा २२० ते ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर जोडला की लुकलुक थांबते. पट्टी लावण्याआधी बॉडी आतून काळी रंगवा, त्यावर छताच्या आत पांढरा हात द्या. हे केलं नाही तर रात्रीच्या देखाव्यात खिडक्यांबरोबर प्लास्टिकच्या भिंतीही लालसर चमकतात, आणि सगळी मेहनत खेळण्यासारखी दिसते.

आवाजाला एकच सांगणं: स्पीकरपेक्षा त्याची पेटी महत्त्वाची. ११ × १५ मिमीचा साखरेच्या क्यूबएवढा स्पीकरही बंदिस्त पेटीत बसवला तर घंटा खणखणीत वाजते. पेटीच्या कडेला सुईएवढी फट राहिली तरी आवाज पातळ होतो. स्पीकरचे ओहम डीकोडरच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याशी जुळवा.

रंग

जुना रंग ९१ टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निघतो. आधी काचा, दिवे, वायरी सगळं काढा. बॉडीच्या आतल्या बाजूला थेंब टाकून प्लास्टिक मऊ पडत नाही ना ते बघा. मग अर्धा तास बुडवून मऊ टूथब्रशने घासा, नाही निघाला तर पुन्हा अर्धा तास. खिडकी उघडी, हातमोजे, आणि आसपास ज्योत नाही. अ‍ॅसिटोनला हात लावू नका, बॉडीचं प्लास्टिक (स्टायरीन) त्यात वितळतं. नंतर भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा, आणि इथून पुढे बोटं लावू नका. बोटाचा तेलकट ठसा प्रायमरखालूनही दिसतो.

राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात द्या. त्यावर रिवेट आणि फळ्यांच्या रेषा बुजल्या नाहीत ना ते तिरक्या उजेडात बघा. एअरब्रशला १५ ते २० पीएसआय पुरतो. सुटे थेंब उडत असतील तर रंग जाड आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघत असतील तर रंग हवेतच वाळतो आहे, त्यात रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव) घाला किंवा जवळून मारा.

दोन रंगांच्या ट्रामला फिका रंग आधी, गडद नंतर. क्रीम पूर्ण वाळू द्या, मग टेप. टेपची बाजारातून आलेली कड कधीच सरळ आणि स्वच्छ नसते, तिला धूळ चिकटलेली असते. काचेच्या तुकड्यावर टेप चिकटवून नव्या ब्लेडने नवी कड कापा आणि तीच बॉडीवर लावा. कड नखाने नव्हे, टूथपिकच्या बोथट टोकाने दाबा, विशेषतः दाराच्या खाचांत. आता गडद रंग मारण्याआधी टेपच्या कडेवर क्रीमचाच एक पातळ हात मारा. टेपखालून जे काही झिरपायचं ते क्रीमच झिरपतं आणि फट बंद होते. मग हिरवा किंवा लाल मारला की रेषा कापल्यासारखी निघते. गडद रंग हाताला लागेनासा झाला, पण पूर्ण कडक झाला नाही, अशा वेळी टेप स्वतःवर दुमडून मागे ओढत काढा. सरळ वर उचलली तर रंगाचे पापुद्रे निघतात.

क्रमांक आणि नावं पाण्यातल्या डेकलची (भिजवून कागदावरून सरकवायच्या छापील पापुद्र्याची) असतात. ती लावण्याआधी चकचकीत वार्निश अनिवार्य. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. डेकल १५-२० सेकंद पाण्यात बुडवून कागदासकट टॉवेलवर ठेवा. मिनिटभरात ते सरकायला लागतं. जागेवर नेऊन मायक्रो सेट (डेकल चिकटवणारं द्रव), मग पाणी टिपून मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव). सोल लागल्यावर डेकल सुरकुततं आणि काम बिघडलं असं वाटतं. हात लावू नका, वाळताना ते आपोआप ताणलं जाऊन रिवेटवर बसतं. दुसऱ्या दिवशी बुडबुडे दिसले तर सुईने टोचून पुन्हा सोल. शेवटी मॅट किंवा अर्धचकचकीत हात.

गाडी वापरातली दिसावी म्हणून मळवताना हात आखडता ठेवा. शहरी ट्राम नेमाने धुतली जाते, तिच्या भिंती स्वच्छच असतात. घाण असते ती ब्रेकजवळच्या तपकिरी धुळीची, पायऱ्यांवरच्या झिजेची, आणि छतावर पोलच्या (वरच्या तारेला टेकणाऱ्या दांड्याच्या) बुडाशी साचलेल्या काळ्या पुडीची. वॉशसाठी अल्कोहोलमध्ये शाईचे काही थेंब टाकत असाल तर तो मॅट लॅकरवर फासू नका, पृष्ठभाग पांढरट पडतो. काचा सगळ्यात शेवटी, पांढऱ्या डिंकाने. सुपर ग्लूची वाफ काचेवर धुकं धरते आणि ते पुसलं जात नाही.

पोल, तार आणि रस्त्यातले रूळ

खरी तार रस्त्यापासून साडेपाच ते सहा मीटर उंच, म्हणजे मॉडेलवर ६३ ते ६९ मिमी. तारेसाठी ०.४ ते ०.५ मिमी फॉस्फर ब्राँझ चालते. ट्रॉली पोलची तार सरळ ताणायची, पँटोग्राफची मात्र मध्यापासून दोन्हीकडे दोनेक मिमी नागमोडी, म्हणजे पँटोग्राफची पट्टी एकाच जागी झिजत नाही. वळणावर तार छोट्या सरळ तुकड्यांनी वळते, म्हणून खांब जवळजवळ लावा आणि पोलसाठी ती रुळांच्या मध्यापेक्षा किंचित आतल्या बाजूला ठेवा.

तारेतून खरोखर वीज घ्यायची का, हे आधी ठरवा. घेतली तर दोन्ही रूळ मिळून एक टोक आणि तार दुसरं, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे शेवटच्या वळशावर शॉर्ट होत नाही. दोन रुळांवर चालणाऱ्या ट्रामला तसा वळसा दिला तर डावा रूळ फिरून उजव्याला मिळतो, तिथे ऑटो-रिव्हर्सर (रुळांची ध्रुवता आपोआप बदलणारा सर्किट) बसवावाच लागतो. वीज घ्यायची नसेल तर पोल तारेच्या अर्धा मिमी खाली पक्का करा. दिसायला टेकल्यासारखा दिसतो आणि कुठे अडकत नाही. दोन टोकांच्या ट्रामला दोन पोल असतात. वर असतो तो मागचा, पुढचा हुकात बांधलेला. पोल पुढे ढकलत चालवला तर तो तारेच्या जोडात घुसून तार उखडतो.

रस्त्यात बुडवलेल्या रुळांमधला भराव रुळाच्या माथ्यापेक्षा ०.३ ते ०.५ मिमी खाली ठेवा, नाहीतर रूळ पुसायचं फडकं रस्त्यावरच फिरतं. कडेची खाच १.३ मिमीच्या आसपास. प्लास्टर ओलं असतानाच एक जुनं चाक त्या खाचेतून फिरवा. खऱ्या ट्राम १५-२० मीटर त्रिज्येत वळतात, म्हणजे मॉडेलवर १७ ते २३ सेमी. एवढ्या आवळ वळणावर बोगी बॉडीच्या कडेला आतून घासते. तिथे प्लास्टिक आतूनच तासा, बाहेरची रेषा जपा.

सीव्ही आणि शेवटची जुळवणी

सीव्ही म्हणजे डीकोडरमधल्या क्रमांक दिलेल्या सेटिंग. पत्ता सीव्ही १ मध्ये, कारखान्यातून तो ३ असतो. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सीव्ही लिहिण्या-वाचण्याच्या वेगळ्या रुळावर) वाचन होत नसेल आणि गाडीत कीप-अलाइव्ह असेल तर दोष त्याचाच. त्या ट्रॅकचा तुटपुंजा करंट कपॅसिटर भरण्यात जातो. वायर तात्पुरती सोडवा किंवा मुख्य रुळांवरून लिहा. कीप-अलाइव्ह असलेल्या गाडीत सीव्ही २९ मधली ॲनालॉगची (साध्या डीसीवर चालण्याची) सोय बंद करा, म्हणजे ६ असेल तर २, लांब पत्त्यावर ३८ असेल तर ३४. ती चालू राहिली तर रुळांवरच्या गोंधळाला डीकोडर डीसी समजतो आणि ट्राम पूर्ण वेगाने सुटते.

सीव्ही २ वाढवत न्या, पहिल्या पायरीला गाडी जेमतेम सरकेपर्यंत. सीव्ही ३ आणि ४ ला (वेग घेणं आणि वेग कमी करणं) ट्रामसाठी लहान आकडे, ती थांब्यावर चटकन थांबते आणि चटकन निघते. मग वेग. ताशी ४० किलोमीटरने जाणारी ट्राम मॉडेलवर सेकंदाला १३ सेमीच्या जरा आत सरकते, म्हणजे एक मीटरला साधारण आठ सेकंद. रुळांवर मीटरभर अंतराच्या दोन खुणा करा, गाडी पूर्ण वेगाला सोडा आणि घड्याळ लावा. नवी ट्राम हे अंतर तीन-चार सेकंदांत कापते. आठ सेकंद येईपर्यंत सीव्ही ५ (सर्वांत जास्त वेग) पाच-पाचने उतरवा, आणि सीव्ही ६ (मधला वेग) त्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा थोडा खाली ठेवा.